शहागंज ते पैठण गेट: एका रस्त्याची फेरी कुठून सुरू करायची?

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात शहागंजहून निघून सराफा, सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी असे करत पैठण गेटला बाहेर पडणारा रस्ता मराठवाड्यातल्या निम्म्या लोकांनी तुडवलेला असेल. लग्नाचा बस्ता, मंगळसूत्र, ईदचे कपडे, दिवाळीची खरेदी, सगळे याच रस्त्यावर. या रस्त्याच्या इतिहासावर एक पायी फेरी बसवायचे आमच्या गटाने ठरवले. गटात आम्ही दोन-तीन इतिहासाचे शिक्षक, वास्तुकलेचे काही विद्यार्थी आणि याच रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुकान असलेले काही व्यापारी होतो. त्या कामात काय अडले आणि काय ठरत गेले, ते सगळे इथे लिहून ठेवते आहे. मराठवाड्यातल्या इतर गावांतही अशा फेऱ्या निघू लागल्या आहेत आणि अडचणी सगळीकडे सारख्याच येतात.

काम काय होते ते आधी सांगते. सकाळच्या दोन तासांत पुरी होणारी फेरी, थांबण्याच्या ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी सांगायचा मजकूर, आणि जमल्यास त्या त्या जागी एक छोटा फलक. श्रोते म्हणजे शाळेची वरच्या वर्गातली मुले आणि त्यांचे पालक.

विद्यार्थ्यांनी पहिला आराखडा केला तो कोणीही करील तसाच होता. पैठण गेटपासून सुरुवात, मग रस्त्यावरच्या जुन्या वास्तू एकेक करून, शेवट शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याशी. प्रत्येक वास्तूखाली साल, बांधणाऱ्याचे नाव आणि चार ओळी. तपशिलात चूक काढावी असे त्यात काही नव्हते. पण आम्ही तो घेऊन प्रत्यक्ष चाललो, तेव्हा दोन थांब्यांच्या मधल्या वाटेत सांगायला काहीच उरेना. मुले पुढे निघून जात, मागचे पालक साड्यांच्या दुकानाशी रेंगाळत. गुलमंडी ते सिटी चौक एवढा भरलेला तुकडा, आणि आमच्या कागदावर तो चक्क कोरा. बरोबर आलेल्या एका कापड व्यापाऱ्याने फेरी संपल्यावर विचारले, “मॅडम, यात रस्ता कुठंय? तुम्ही तर नुसत्या इमारती सांगितल्या.”

सगळे प्रकरण या प्रश्नाभोवती फिरत राहिले.

सालांचा गुंता

या शहराची वाढ ज्यांना माहीत आहे त्यांना हा गुंता लगेच कळेल. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी अहमदनगरच्या निजामशाहीची राजधानी वसवली. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये त्याने उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहर औरंगाबाद झाले. शहराभोवतीचा कोट मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १६८२ च्या सुमारास, मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने बांधला गेला. दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का हे चार मुख्य दरवाजे त्या कोटातले.

आता रस्त्याकडे बघा. सिटी चौकातली चौक मशीद १६६५ मधली, शाइस्ताखानाने बांधलेली. लाल महालात बोटे गमावून गेलेला हाच तो शाइस्ताखान. म्हणजे चौक कोटाच्या आधीपासून नांदता होता. शहागंजची मशीद १७२० च्या आसपासची, म्हणजे औरंगजेब गेल्यानंतरची. घड्याळ मनोरा आणखी अलीकडचा, हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रस्त्याचा मधला भाग सर्वांत जुना, एक टोक त्यानंतरचे, दुसरे टोक त्याहून नंतरचे. सालांच्या क्रमाने फेरी काढायची तर आधी चौकात जायचे, मग दक्षिणेला पैठण गेट, मग उलट फिरून पार शहागंज. रस्त्याच्या क्रमाने चालायचे तर गोष्ट मागे-पुढे उड्या मारते.

गटात यावर बरीच खडाजंगी झाली. माझे सहकारी शिक्षक कालक्रमावर अडून बसले होते, कारण मुलांना परीक्षेत तोच विचारतात. माझे म्हणणे वेगळे होते आणि ते अजूनही बदललेले नाही. हा रस्ता म्हणजे इमारतींची माळ नाही, हा एक चालता बाजार आहे आणि त्याचा क्रम बाजाराने लावलेला आहे. एका टोकाला घाऊक मालाचे गंज, मग सराफा, मग चौक, मग कापड आणि किरकोळीची मंडी, आणि शेवटी गावाबाहेर पडणारा दरवाजा, जिथून पैठणची, गोदावरीकडची वाट सुरू होते. ही रांग टिकून आहे म्हणून हा रस्ता ऐतिहासिक आहे. पैठण गेट उद्या नीट डागडुजी करून, भोवती कुंपण घालून ठेवले आणि मागची रांग मोडली, तर उरेल ते वाहतुकीच्या बेटातले एक दगडी बांधकाम.

मशिदीखालची दुकाने

हा मुद्दा नुसता माझ्या मताचा राहिला नाही, कारण चौक मशिदीपाशी त्याला पुरावा मिळाला.

विद्यार्थ्यांच्या आराखड्यात या मशिदीच्या नोंदीखाली ‘सद्यस्थिती’ असा रकाना होता आणि त्यात लिहिले होते: खालच्या बाजूने दुकानांचे अतिक्रमण. वरवर पाहता कोणालाही तसेच वाटेल. रस्त्यावरून बघितले की आधी दिसतात ती दुकाने, त्यांचे बोर्ड, लोंबणारा माल, आणि मग मान वर केली की मशीद. पण निजामाच्या राज्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्ये या मशिदीचे वर्णन आहे. दर्शनी बाजूला पाच कमानी, आत दोन कमानींएवढी खोल, वर पाच घुमट, त्यातला मधला उंच आणि बाकीचे झाकलेले. आणि ही सगळी वास्तू एका उंच जोत्यावर उभी, त्या जोत्यात खोल्या, खोल्यांची तोंडे रस्त्याकडे, आणि त्यांचा वापर दुकानांसाठी.

गाळे जोत्यातच आहेत. ज्याने मशीद बांधली त्याने बाजारही त्याच दगडात बसवला. वर नमाज, खाली व्यवहार, आणि गाळ्यांच्या उत्पन्नावर वरच्या वास्तूची देखभाल, ही त्या काळी बऱ्याच ठिकाणी चालणारी पद्धत. शहागंजच्या मशिदीतही तेच. तीही उंच चौथऱ्यावर, तीन बाजूंनी बाहेर दुकाने, आणि उत्तरेची बाजू मोकळी, तिथून पायऱ्या चढून वर जायचे. एकाच रस्त्यावर, अर्धशतकाहून जास्त अंतराने बांधलेल्या दोन मशिदी, आणि दोन्हींत बाजार पायात घेतलेला.

‘अतिक्रमण’ हा शब्द आम्ही खोडला. त्या जागी मजकूर असा झाला: ‘खालचे गाळे हा मूळ बांधकामाचा भाग आहे.’ चार-पाच शब्दांचा फरक, पण वाचणाऱ्याच्या मनात दुकानदाराची जागा पार बदलते. काल तो वारशाला अडथळा होता, आज तो त्या वास्तूच्या रचनेतला एक घटक आहे. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

एक गोष्ट मात्र तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी. याचा अर्थ रस्त्यावरची प्रत्येक टपरी आणि प्रत्येक पत्र्याची शेड पवित्र झाली असा नाही. जोत्यातला गाळा वेगळा आणि गाळ्यापुढे चार फूट पुढे आलेला ओटा व त्यावरचा पत्रा वेगळा. दुकानदारांना हे सांगताना आम्ही आडपडदा ठेवला नाही.

पाणी

शहागंजला थांबा घ्यायचा तर घड्याळ मनोऱ्यापाशी, असे सगळे गृहीत धरून होते. दिसायला तो उंच, फोटोला चांगला. मी पाण्याचा आग्रह धरला.

खाफीखान हा त्या काळचा इतिहासकार. त्याने शहागंजच्या हौदाबद्दल लिहून ठेवले आहे. सय्यद हुसेन अली दख्खनचा सुभेदार असताना त्याने हा मोठा हौद सुरू केला. पुढे इवजखानाने इमारती आणि मशीद वाढवली, उंच केली. तरी हौदाचे मूळ श्रेय हुसेन अलीचेच, आणि उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा रहिवाशांचे हाल या हौदाने कमी होतात, असे खाफीखान सांगतो. अठराव्या शतकातल्या माणसाला शहागंजमध्ये नोंदवावेसे वाटले ते उन्हाळ्यातले पाणी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलेले ज्यांनी बघितले आहे, त्या घरांतल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ती लगेच कान टवकारतात.

तिथून नहरींकडे जाता येते. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी उत्तरेकडच्या डोंगरउतारावरचे जमिनीखालचे पाणी बोगद्यात गोळा करून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणत होती. वाटेत तपासणीसाठी विहिरीसारखी मोकळी तोंडे, शहरात खापरी नळ, आणि जागोजागी पाण्याचा दाब सांभाळणारे दगडी बंबे. पुढे इतर नहरी झाल्या. पाणचक्कीची चक्की ज्या पाण्यावर फिरते तेही असेच नहरीने आणलेले. शहराला बावन्न दरवाजे होते असे आपण अभिमानाने सांगतो, पण दरवाजांनी शहर जगत नाही. एवढी वस्ती, एवढा बाजार इथे उभा राहिला तो पाण्यामुळे. घड्याळ मनोरा फेरीत ठेवला, पण त्याला दोन मिनिटे दिली.

फेरीला दिशा मिळाली ती मिरवणुकीमुळे

सुरुवात कुठून, हा वाद अजून सुटला नव्हता. तो सोडवला राजाबाजारातल्या एका वयस्क कार्यकर्त्याने. आमच्या बैठकीला ते सहज येऊन बसले होते. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर म्हणाले, “सर, मॅडम, विसर्जनाची मिरवणूक जिथून निघते तिथूनच निघा की. गावाला हा रस्ता त्याच बाजूनं पाठ आहे.”

राजाबाजारचा संस्थान गणपती हे शहराचे ग्रामदैवत मानतात. अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक तिथल्या आरतीनंतर निघते, शहागंजला येते, गांधी पुतळ्यावरून सराफा, सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी, मग बाराभाई ताजिया चौकावरून औरंगपुऱ्याकडे वळते आणि जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या विहिरीशी संपते. म्हणजे गुलमंडीपर्यंत आमचाच रस्ता. हा क्रम सालांचाही नाही आणि नकाशाचाही नाही, तो लोकांच्या पायांचा आहे. ज्या पालकांना शाइस्ताखानाचे साल लक्षात राहणार नाही, त्यांना ढोल-ताशे सिटी चौकात कसे घुमतात आणि गुलमंडीवर कशी गर्दी दाटते हे बरोबर माहीत असते. अशा माणसाला त्याच्या ओळखीच्या वाटेने नेऊन तिच्यातले जुने थर दाखवणे सोपे जाते.

मिरवणूक चौक मशिदीसमोरून जाते, ताजियाच्या नावाच्या चौकातून वळते. दंगलीची सावली पडलेले हे शहर आहे, ते मी लपवणार नाही. पण दरवर्षी हा रस्ता दोन्हीकडच्या माणसांनी मिळून सांभाळला म्हणूनच मिरवणूक पार पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सराफ्यातले दुकान आणि मशिदीखालचा गाळा एकाच वेळी उघडतात. आम्ही हे मुलांना सरळ शब्दांत सांगायचे ठरवले.

गुलमंडीहून मात्र आम्ही मिरवणूक सोडून टिळक पथाने पैठण गेटला जायचे ठरवले. सुपारी मारुतीच्या मंदिरापाशी थोडे थांबून.

चालताना

नव्या क्रमाने केलेल्या पहिल्या फेरीत सर्वांत जास्त वेळ गेला तो सराफ्यात, आणि तिथे आमच्या यादीत एकही वास्तू नव्हती. आम्ही मुद्दाम दुकाने उघडण्याच्या आधी पोचलो होतो. कारागिरांच्या पेढ्यांपुढे झारेकरी काम करत होते. छोट्या कुंच्याने फरशीच्या फटीतली, पायरीच्या कोपऱ्यातली, गटाराच्या तोंडाशी साचलेली माती झाडून घमेल्यात घ्यायची, ती धुवायची, गाळायची आणि तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा. मुले उकिडवी बसून बघत राहिली. एका मुलीने विचारले, “काकू, यात रोज सोनं सापडतं?” कुंचा न थांबवता बाई म्हणाल्या, “रोज नाही सापडत बाळा, पण रोज झाडावं लागतं.”

झारेकरी जिथे आहेत तिथे सोने घडवणारे हात आहेत, नुसते विकणारे काउंटर नाहीत. सराफा जिवंत आहे याचा याहून पक्का पुरावा दुसरा कोणता देता येईल? फेरीच्या मजकुरात आता झारेकऱ्यांना चौक मशिदीच्या बरोबरीची जागा आहे.

पुढे सिटी चौकात आम्ही एक जोडगोळी सांगतो. वली आणि सिराज या उर्दूच्या आरंभीच्या मोठ्या कवींना या शहराने घडवले, आणि सिराजच्याच अठराव्या शतकात कटाव ही लयबद्ध पद्ये रचणारे मराठी कवी अमृतराय इथेच कीर्तने करत होते. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला हलवली आणि शहराचा दरबारी रुबाब ओसरला, पण बाजार ओसरला नाही. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज आली, माल स्टेशनकडून येऊ लागला आणि पैठण गेटच्या बाजूला नवे महत्त्व आले असावे, असे मला या रस्त्याची ठेवण पाहून वाटते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. तो दिवस मुलांना पाठ असतो, म्हणून त्यावर आम्ही थोडक्यात बोलतो.

शहराच्या नावाचा प्रश्न येणारच होता. २०२३ मध्ये अधिकृत नाव बदलले. मजकुरात ज्या काळाची गोष्ट, त्या काळचे नाव आणि आजच्या संदर्भात आजचे नाव, असा नियम केला आणि पुढे गेलो.

फलक का लागले नाहीत

हा भाग कमी आनंदाचा आहे. जागोजागी फलक लावण्याची कल्पना दुकानदारांपुढे मांडली तेव्हा जे काल उत्साहाने बोलत होते तेच गप्प झाले. कारण विचारल्यावर एकाने सांगितले. जुन्या शहरात रस्ता रुंदीकरणाच्या खुणा भिंतींवर पडलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. भिंतीवर कोणताही अधिकृत दिसणारा कागद, पाटी, आकडा लागला की पोटात गोळा येतो. काहींना उलटी भीती होती. इमारत वारसा म्हणून जाहीर झाली तर छत गळले तरी परवानगीशिवाय पत्रा बदलता येणार नाही. दोन्ही भीती खऱ्या आहेत. रुंदीकरणाचीही गरज आहे, कारण गुलमंडीवर संध्याकाळी रुग्णवाहिका अडकते तेव्हा इतिहास सांगून ती सुटत नाही.

आमच्यातले काही जण म्हणाले, परवानगी काढू आणि लावू. मी विरोध केला. ज्यांच्या भिंतीवर पाटी लागणार त्यांचीच तिला ना असेल, तर ती पाटी महिनाभरात जाहिरातीखाली जाईल, आणि पुढच्या वेळी कोणी आपला जुना दस्त कपाटातून बाहेर काढणार नाही.

मधला मार्ग निघाला तो साधा. भिंतीवर काही नाही. त्याऐवजी एका पानाचा छापील नकाशा, घडी घालून खिशात बसेल असा. ज्या दुकानदाराची इच्छा असेल त्याने तो गल्ल्याशेजारी ठेवायचा आणि विचारेल त्याला द्यायचा. नकाशावर कोणत्याही दुकानाचे किंवा मालकाचे नाव नाही, फक्त बाजारांची नावे, वास्तू आणि चालायची दिशा. पहिल्या छपाईतले नकाशे गुलमंडीच्या बाजूला लवकर संपले, शहागंजला बरेच उरले. कारण उघड आहे. गुलमंडीला बाहेरगावचे गिऱ्हाईक जास्त येते. पुढच्या खेपेला वाटप त्या हिशेबाने करणार आहोत.

अजून हातात असलेले काम

फेरी आता सकाळीच निघते. उन्हाळ्यात दोन तास हे जास्त होतात, म्हणून मार्च ते जून फक्त शहागंज ते सिटी चौक. बायका आणि मुलींसाठी वाटेत स्वच्छतागृह ही खरी अडचण आहे. सध्या ओळखीच्या दोन दुकानदारांनी आपली सोय खुली केली आहे, पण हे त्यांच्या भलेपणावर चालले आहे.

मशिदीखालच्या गाळ्यांची मापे घेण्याचे काम विद्यार्थ्यांनी मागितले आणि गाळेधारकांशी बोलून काही ठिकाणी होकार मिळाला आहे. कमानीची उंची, जोत्याच्या दगडाचे थर, गाळ्याची खोली, नंतर घातलेल्या लोखंडी कैच्या आणि गिलावा, असे वेगवेगळ्या रंगांत काढायचे ठरले आहे. म्हणजे मूळ काय आणि नंतरचे काय, हे गाळेधारकाला स्वतःच्या दुकानाच्या चित्रात दिसेल. प्रत्येक चित्राची एक प्रत त्याच्याकडे राहील. रुंदीकरणाची किंवा दुरुस्तीची चर्चा पुन्हा निघाली तर त्याच्या हातात बोलायला काही असावे, हा हेतू.

लातूरच्या काही शिक्षकांनी गंज गोलाईसाठी हाच नमुना वापरता येईल का असे विचारले आहे. तिथे मधल्या गोल इमारतीभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात आणि वेगवेगळ्या रस्त्यांना वेगवेगळ्या मालाची ओळख आहे. मी त्यांना एवढेच कळवले की मधल्या इमारतीपासून सुरुवात करू नका. आधी सोळाही रस्ते चालून कुठे काय विकले जाते, कोण घडवते आणि माल कोणत्या बाजूने आत येतो ते लिहून काढा, आणि ती यादी घेऊन अडत्यांकडे व हमालांकडे बसा. त्यांची पहिली यादी या महिन्यात येणार आहे.